कर्ण्याखालचा धाऊदादा

माझा मोठा भाऊ धाऊ बोलताना अडतो. लहानपणी फार अडायचा, आता जरा कमी. पण गाणं म्हणताना तो कधीच अडला नाही, आणि हे आमच्या घरात सगळ्यात आधी आईच्या लक्षात आलं.

आमचं गाव धसईच्या पुढे, डोंगराच्या अंगाला. आईचा भाऊ कुंडलिकमामा धसईत राहायचा आणि लग्नाला, पूजेला, गणपतीला लाऊडस्पीकर लावायचा. त्याच्याकडे एक कर्णा होता, पुढे दोन झाले. एक मशीन, एक जड बॅटरी आणि कॅसेटनी भरलेली पत्र्याची पेटी. लग्नघरी मांडवावर जांभळीचे डहाळे पडले की मामा कर्णा खांद्यावर टाकून आंब्यावर चढायचा आणि त्याचं तोंड पलीकडच्या गावाकडे करून बांधायचा. "आपल्या गावाला माहीत हाय लगीन हाय ते," तो वरून ओरडायचा, "त्यांना कळाया पायजे!"

गाण्यांचा त्याचा क्रम ठरलेला होता. सकाळी देवाची गाणी. ऊन चढलं की कोळीगीतं आणि हळदीची. पंगत बसली की हिंदी सिनेमातली. नवरी निघाली की रडवणारी. आम्ही शेतात राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, पालापाचोळा पसरत असलो तरी लांबून ऐकून सांगायचो, आता जेवणं चालू झाली, आता नवरी जीपमध्ये बसली. घरात रेडिओ नव्हता, टेपचं तर नावच नको. नव्वद सालाच्या आसपासची जी काही गाणी मला आज पाठ आहेत ती सगळी त्या कर्ण्यातून आलेली आहेत.

धाऊदादाची जागा मशीनशेजारी. मामा त्याला हटकत नसे. दादा मांडी घालून बसायचा आणि कॅसेटबरोबर म्हणत राहायचा. बाईचं गाणं असो, पुरुषाचं असो, मधले वाद्यांचे तुकडेसुद्धा तो तोंडाने वाजवायचा. एक बाजू संपली की मामाच्या हातात दुसरी कॅसेट द्यायचा. कोणती द्यायची हे त्याला विचारावं लागत नव्हतं. आणि गाणं थांबलं, कोणी सहज विचारलं, "काय रे, कुणाचा तू?" की त्याचा चेहरा बदलायचा. मान एका बाजूला ओढली जायची, डोळे मिटायचे, ओठ थरथरायचे. सगळ्यात जास्त तो स्वतःच्या नावाला अडायचा. 'ध' तोंडातून सुटायचाच नाही.

आईने सगळे उपाय केले. वेखंड उगाळून मधातून चाटवलं. भगताकडे नेलं. मुरबाडच्या डॉक्टरला दाखवलं, तो म्हणाला, मोठा झाला की जाईल. एका दुपारी दादा लग्नघरातून भुकेला परत आला. आई चुलीपाशी होती. त्याला भाकर मागायची होती आणि 'भा'वरच तो अडून बसला. पाय आपटायला लागला. आईने हातातलं पीठ झटकलं आणि म्हणाली, "गाण्यात सांग."

दादाने पाय आपटणं थांबवलं. मग मघाशी ऐकलेल्या हळदीच्या चालीवर त्याने सरळ म्हटलं, आये भूक लागली, भाकर दे, वर कांदा दे. एका दमात. आईने हसू दाबलं आणि त्याच चालीवर उत्तर दिलं, बस रे लेका, तवा तापतोय.

तेव्हापासून आमच्या घरात असं बोलणं सुरू झालं. बाहेर नाही, घरात. बाबांना ते आवडत नसे. "नाटकं करतंय पोर," ते म्हणायचे. आई म्हणायची, "बोलतंय ना? मग कसंपण बोलू द्या त्याला." एकदा आमचा बैल सुटून शेजाऱ्याच्या भाजीत शिरला. दादा धापा टाकत आला आणि ती बातमी त्याने नवरी निघतानाच्या चालीवर सांगितली, कारण डोक्यात तेच गाणं घोळत होतं. इतकी दुःखी चाल, की बाबा दोन ओळी ऐकत उभे राहिले आणि मग धावले. बैलाने तोवर अर्धा वाफा संपवला होता.

शाळेत मात्र गाण्यात बोलता येत नव्हतं. तिथे मी होते. मी त्याच्यापेक्षा लहान, पण दुकानात, जीपमध्ये, मास्तरांसमोर त्याचं सगळं मीच बोलायचे. तो माझ्याकडे बघायचा आणि मला कळायचं. हजेरीला तो फक्त हात वर करायचा. त्याच्या वर्गशिक्षकांनी ते चालवून घेतलं, पोरं मात्र त्याला 'ध-ध' म्हणायची.

हायस्कूलला असताना, सत्त्याण्णवच्या सुमाराला, स्नेहसंमेलनात त्याने गाणं म्हणावं असं एका सरांनी ठरवलं. त्यांनी त्याला कुठल्याशा लग्नात ऐकलं होतं. दादाला भीती वाटली नाही. गाणंच तर म्हणायचं होतं. त्या वर्षी जे गाणं प्रत्येक रसवंतीवर आणि प्रत्येक काळ्या-पिवळ्या जीपमध्ये वाजत होतं, तेच त्याने म्हटलं. मी पुढच्या सतरंजीवर बसले होते. गाणं संपलं आणि जो गलका झाला! मागे उभी असलेली मोठी माणसंसुद्धा पुन्हा, पुन्हा म्हणून ओरडायला लागली.

संमेलनाचे प्रमुख पाहुणे खूश झाले. उठून दादाजवळ आले, पाठीवर हात ठेवला आणि माईक त्याच्या तोंडासमोर धरला. "शाब्बास! नाव काय बाळा तुझं? सगळ्यांना सांग."

दादाची मान ओढली गेली. ध... ध... ध... माईक चालूच होता. पाहुण्यांना काही कळलं नाही, ते माईक आणखी जवळ नेत राहिले. आधी पोरं हसली, मग सगळेच हसले. मी उभी राहून ओरडले, "धाऊ! धाऊ नाव हाय त्याचं!" पण त्या हसण्यात माझं कोण ऐकतं.

त्या दिवसापासून त्याने गाणं सोडलं. मामाच्या मशीनपाशी जाणं सोडलं. घरात गाण्यात बोलणंही सोडलं. आई भाकर थापताना एखादी चाल धरायची, त्याने उत्तर द्यावं म्हणून वाट बघायची. तो ताट घेऊन निमूट बसायचा. मामा लग्नसराईत दारात येऊन विचारायचा, "येतोस का रे धाऊ? नवीन कॅसेटी आणल्यात कल्याणवरून." दादा मान हलवायचा. मामा जरा वेळ उभा राहायचा आणि जायचा.

पुढे दादाने मुरबाडला आयटीआय केलं आणि एमआयडीसीतल्या एका कंपनीत लागला. ते काम त्याला मानवलं. मशीनच्या आवाजात तिथे सगळेच हातवारे करून बोलायचे. शाम नावाचा एक मित्रही झाला, तो इतका बडबड्या होता की समोरच्याने बोलायची गरजच नसे. माझं लग्न झालं आणि मी वैशाखऱ्याला आले. माझी काळजी कोणाला नव्हती, सगळ्यांना दादाची होती. आई मला पाठवताना म्हणाली, "आता त्याचं बोलणार कोण गो?"

दोन हजार सहा सालच्या सुरुवातीला त्याच्यासाठी सरळगावकडचं एक स्थळ आलं. मुलगी रंजिता, बारावीपर्यंत शिकलेली, घरी भेंडीची शेती. वडील कमळूबाबा, शांत माणूस. बघायला जायच्या आदल्या दिवशी आमच्या घरी बैठक झाली. बाबा म्हणाले, धाऊने काही बोलायचं नाही. मामा बोलेल. लग्न झाल्यावर बघू.

"आणि त्यांनी त्यालाच विचारलं तर?" मी म्हटलं.

"मी हाय ना," मामा म्हणाला.

तसंच झालं. शिफ्ट कोणती, पगारी सुट्टी किती, घरापासून कंपनीपर्यंत कसं जातो, सगळं मामाने सांगितलं. दादा खाली मान घालून बसला होता. रंजिताने पोह्यांची बशी पुढे केली तेव्हा त्याने एकदाच वर पाहिलं. तिची एक म्हातारी आत्या कोपऱ्यात बसली होती, ती मोठ्याने म्हणाली, "पोरगा मुका तर नाय ना?" सगळे हसले. मामा म्हणाला, "लाजतो जरा." आईच्या कपाळावर घाम आला होता, मी पदराने पुसला.

होकार आला. साखरपुड्याची तारीख ठरली. घरात सगळे खूश, आणि दादा जेवेनासा झाला. आई रोज शेजारच्या दुकानातून मला फोन करायची. "दोन घास खातंय आन् उठतंय. काय झालंय ते सांगत नाय." मला माहीत होतं काय झालंय ते. पण फोनवर काय बोलणार?

एका रविवारी सकाळी दादाच माझ्या दारात उभा राहिला. एसटीने आला होता. गाल आत गेलेले. मी चहा ठेवला. बराच वेळ तो काहीतरी बोलायची खटपट करत होता. शेवटी बोलला, "दिपे, ति... ति... तिला माहीत नाय."

"मी सांगते," मी लगेच म्हटलं. "आत्ता जाऊ. मी समजावून सांगते त्यांना. तू फक्त शेजारी बस."

त्याने मान हलवली. "तू न... नको. मी सांगणार."

"तुला जमेल का रे?"

"नाय ज... जमलं तर तेपण क... कळंल त्यांना."

त्याने फक्त एवढंच मागितलं, की मी बरोबर यावं, आणि काही झालं तरी तोंड उघडू नये. मुलाला सासूबाईंकडे दिलं आणि आम्ही निघालो. माळशेजवरून खाली येणाऱ्या एका जीपमध्ये जागा मिळाली. त्या प्रवासभर माझ्या डोक्यात हेच चालू होतं. त्यांनी स्थळ मोडलं तर? आम्ही फसवलं म्हणाले तर? आई ते सहन करू शकली नसती.

पोचलो तेव्हा घरचे सगळे भेंडीच्या कामात होते. ओटीवर भेंडीचे ढीग आणि खोकी. रंजिता नुकतीच शेतातून आली होती, हातात अजून मोजे होते. भेंडीने हाताला खाज येते म्हणून तोडताना मोजे घालतात. आम्हाला बघून ती गडबडली आणि मोजे पाठीमागे लपवले. कमळूबाबांनी चटई टाकली, पाणी दिलं. कशाला आलात, असं काही विचारलं नाही. समोर बसले.

दादाने सुरुवात केली. "म... म..." आणि थांबला. मान बाजूला ओढली गेली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडला. मी पदराचा बोळा करून दातांत धरला होता. त्याचं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं, आयुष्यभर तेच तर केलं होतं मी. एकदा मनात आलं, हा आता एखादी चाल धरेल, लहानपणीसारखा, आणि सुटेल. पण त्याने चाल धरली नाही. डोळे उघडे ठेवले आणि कमळूबाबांकडे बघत राहिला. तेही बघत होते. त्यांनी शब्द पुरवला नाही, मान हलवून घाई केली नाही, दुसरीकडे नजरही नेली नाही. अंगणात कोंबड्या भेंडीच्या देठांवर भांडत होत्या, त्यांनाही कोणी हाकललं नाही.

"म... मला ब... बोलताना अडतं," दादा म्हणाला. "ल... लहानपणापासून. त्या दिवशी मा... मामा बोलला, म्हणून तुमाला क... कळलं नाय."

कमळूबाबांनी एक लांब श्वास सोडला आणि म्हणाले, "माहीत हाय."

मग तेच पुढे सांगायला लागले.

"अरे, पोरगी द्यायची तर चौकशी नाय करणार का आमी? धसईच्या बाजारात विचारलं. तुझ्या कंपनीतल्या त्या शामला विचारलं, तो तर तासभर सोडेना आमाला. सगळ्यांनी हेच सांगितलं. अडखळतो, दारू पीत नाय, आईशी वर आवाज करून बोलत नाय. मला अडखळण्याचं काय नव्हतं रे. तुमच्यातलं कोण येऊन सांगतं का, एवढीच वाट बघत होतो. नसतं सांगितलं तर..." ते थांबले. "जाऊ दे. तू आलास. झालं."

दादाचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय, पण तो हसत होता. डोळ्यांत पाणी आणि पोट धरून हसणं. किती दिवस उपाशी झोपला होता तो, आणि इकडे सगळ्या बाजाराला माहीत! मलाही हसू आवरेना, तोंडातला बोळा काढून मी रडत होते की हसत होते मला सांगता येत नाही.

आतून रंजिता चहा घेऊन आली. मोजे नव्हते आता. कप ठेवता ठेवता म्हणाली, "तुमी गाणी चांगली म्हणायचात असंपण कळलंय. ती का सोडली?"

दादाने कप उचलला. तीच पुढे बोलली. "आमच्या मावशीच्या लग्नाला तुमच्याच मामांचा स्पीकर होता. त्यात एक हळदीचं गाणं होतं, नवरीच्या बांगड्यांचं. मला अजून येतं." आणि ती लाजली नाही काही नाही, वडिलांसमोरच हळू आवाजात म्हणू लागली. दुसऱ्या कडव्यात बांगडीवाला दारात येतो आणि एकदम पुढच्याच शब्दाला नवरी बोहल्यावर चढलेली असते. मधलं काहीच नाही.

दादा ताठ बसला. "ते गाणं त... तसं नाय," तो म्हणाला.

"तसंच हाय. मी किती वेळा ऐकलंय."

"मामाची क... कॅसेट मशीनमधे गुंतली होती. ट... टेप तुटली. मामानं मधला तुकडा क... कापला आन् चिकटपट्टीनं जोडली. म... मी धरली होती दोन टोकं."

रंजिता तिथेच खाली बसली. तिच्या गावातली सगळी पोरं ते गाणं तसंच म्हणत होती. तिथे बांगडीवाला आला की नवरी थेट बोहल्यावर जायची, आणि कोणालाही त्यात वावगं वाटलं नव्हतं. "मग मधे काय होतं?" तिने विचारलं.

दादाने माझ्याकडे पाहिलं नाही. कमळूबाबांकडेही नाही. त्याने तो राहिलेला भाग म्हणून दाखवला. आवाज आता पोराचा नव्हता, जाड झाला होता, सुरुवातीला थोडा फाटलाही. पण कुठे अडला नाही. बांगडीवाल्याने काय भाव सांगितला, आईने कशी घासाघीस केली, नवरीच्या हाताला कोणती बांगडी बसली, सगळं आलं. मग दोघांचं चालूच झालं. कुठल्या लग्नात कुठलं गाणं, कुठे बॅटरी संपली आणि बायकांनी नुसत्या तोंडाने गाऊन रात्र काढली. गाणं आलं की दादा सरळ म्हणायचा, बोलणं आलं की अडायचा. आणि अडत असला तरी बोलतच होता. एवढा वेळ त्याला बोलताना मी जन्मात ऐकलं नव्हतं. कमळूबाबा परत भेंडी भरायला बसले. मीही बसले, हाताला काहीतरी काम हवंच होतं.

परतीला मी दादाबरोबर गावी गेले. आई अंगणातच होती. आम्हाला दोघांना एकत्र बघून तिच्या लक्षात आलं आम्ही कुठून आलो ते. ती खाली बसली. "मोडलं का गो?" मला विचारलं.

मी सवयीने तोंड उघडलं आणि मिटलं. दादा तिच्यासमोर उकिडवा बसला आणि सांगायला लागला. जीपपासून. एकही गोष्ट गाळली नाही. त्याला वेळ लागत होता, आणि तो काय म्हणतोय ते कळावं म्हणून आई त्याच्या ओठांकडे बघत होती. आत चुलीवर भात होता. आधी वाफ आली, मग करपल्याचा वास आला. बाबा घरातून ओरडले, "अगो, भात बघ!" आई उठली नाही. मीही उठले नाही. शेवटी बाबांनीच तो उतरवला आणि हात भाजून घेतला.

दादा 'माहीत हाय' या जागी आला तेव्हा आईने दोन्ही हात तोंडावर घेतले. "सगळ्यांना माहीत?" ती म्हणाली. "आन् मी त्या दिवशी घामानं भिजले होते?" आणि तिला असं हसू फुटलं की बाबा हात फुंकत बाहेर आले, काय झालं ते बघायला.

लग्न मे महिन्यात झालं. नाव घ्यायची वेळ आली तेव्हा दादाने उखाणा गाऊन नाही, बोलून घेतला. बराच अडला, पोरी खिदळल्या, करवली म्हणाली पुरे आता, पण त्याने रंजिताचं नाव शेवटपर्यंत नेलं. मग घास दिला आणि स्वतः जेवायला बसला. वाढणारा कंटाळला तरी तो उठेना.